मागितल्यास द्यावे

तमाम नगरकर बंधुभगिनींना कळविण्यास अत्यंत हर्ष होतो, की आपल्या जिल्ह्यातल्या बायकांना ऑपरेशननंतर दुखत नाही. छाती कापा, पोट उघडा, काखेपर्यंत टाके घाला... त्यांना काही होत नाही. ही बाजारगप नव्हे. रीतसर टाइप होऊन, सहीशिक्क्यानिशी मुंबईत डॉक्टरांच्या परिषदेत वाचून दाखवलेलं हे सत्य आहे. या थोर शोधाला ज्या दोन माणसांचा हात लागला, त्यांतला एक मी. दुसरे डॉ. विश्वनाथ टेंभेकर. ते सहा आठवड्यांपूर्वी वारले, म्हणून ही दवंडी पिटायचं काम आता माझ्या एकट्यावर आलं आहे.

मी इथल्या एका धर्मादाय दवाखान्यात औषधांचं कोठार सांभाळतो. लोक कंपाउंडर म्हणतात, आणि गणेशोत्सवातल्या नाटकांत राजा होतो म्हणून ओळखीचे 'महाराज' म्हणतात. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला सिस्टर आल्या आणि दोन नंबरच्या खोलीतून पेथिडीनची एक कुपी परत केली, न फोडलेली. पेथिडीन म्हणजे ऑपरेशननंतरची कळ मारणारं इंजेक्शन. ते कुलपात असतं, आणि आत-बाहेर गेलेली प्रत्येक कुपी लिहून ठेवावी लागते. मी सवयीनं विचारलं, "परत का?" सिस्टर खाली बघत म्हणाल्या, "आता लागणार नाही." कुपीला गुंडाळलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : रुग्णाने मागितले नाही. टेंभेकर गेल्याची बातमी मला अशी चार बोटांच्या कागदात बांधून मिळाली.

टेंभेकर मूळचे बेलापूरचे, शाळामास्तरांचे चिरंजीव. दवाखान्यात भूल द्यायचं काम त्यांचं. अंगात पांढरा कोट, आणि कोटावरून गळ्यात पंचा! चष्मा पुसायला पंचा, घाम टिपायला पंचा, जेवताना मांडीवर पंचा. आमच्या मोठ्या साहेबांना, म्हणजे दवाखान्याच्या प्रमुखांना, तो पंचा फार खुपायचा. "टेंभेकर, हे हॉस्पिटल आहे, पंगत नव्हे," असं ते एकदा म्हणाले. टेंभेकरांनी नम्रपणे मान डोलावली आणि त्याच पंच्यानं चष्मा पुसला. बोलायचे कमी, पण एका गोष्टीवर बोलायला लागले की थांबायचे नाहीत. "महाराज, सर्जन गाठ काढतो आणि घरी जातो. मी भूल देतो आणि घरी जातो. ती बाई मात्र तिथेच असते. पुढचे तीन दिवस तिचं काय होतं, हे कुणी लिहून ठेवलंय का?"

कुणीच ठेवलं नव्हतं. दुष्काळाचं वर्ष होतं. खडी फोडायच्या कामावरून उठून बायका छातीतल्या गाठी घेऊन यायच्या, तेही गाठ फुटायच्या बेताला आल्यावर. ऑपरेशननंतर पेथिडीन द्यायचं ते मागितलं तर, अशी तेव्हाची रीत. टेंभेकरांचं म्हणणं, मागायची वाट बघू नये, घड्याळाप्रमाणे द्यावं. दुखणं चढू द्यायचं आणि मग उतरवायचं, हा उलटा कारभार आहे. पण त्यांना नुसतं म्हणायचं नव्हतं, दाखवून द्यायचं होतं. म्हणून त्यांनी अभ्यास मांडला. एका बाईला घड्याळाप्रमाणे इंजेक्शन, पुढचीला मागितलं तर, पुन्हा पुढचीला घड्याळाप्रमाणे... आणि सगळ्यांना दिवसातून तीनदा एकच प्रश्न.

"तुम्हाला एक भूमिका देतोय," ते मला म्हणाले. "वाक्य एकच आहे. 'दुखतंय का?'"

"एवढंच? मग टाळ्या कुठं घ्यायच्या?"

"टाळ्या नकोत. उत्तर लिहून आणा." प्रश्न विचारणाऱ्याला कुणाला काय टोचलंय ते ठाऊक असू नये, अशी त्यांची अट होती. सिस्टरांना ठाऊक असायचं. कोठारातून कुप्या वॉर्डाच्या नावानं जायच्या, खाटेच्या नावानं नव्हे, म्हणून मी अगदी कोरा. एवढ्या एका गुणावर माझी शास्त्रज्ञ म्हणून नेमणूक झाली.

आता मी एक वाक्य नुसतं बोलेन काय? दारातूनच गर्जना करायचो, "कोण आहे रे तिकडे! त्या वेदनेला दरबारात हजर करा!" बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. मग मी कागद काढून एकेकीपुढे वाकायचो. "बोला मावशी, दुखतंय का?" उत्तर ठरलेलं, "न्हाई." पुढच्या खाटेवर, "न्हाई बा." तिच्या पुढच्या खाटेवर नुसती मान हलायची. मी ऐटीत 'नाही'च्या रकान्यात फुल्या मारत जायचो. सहा महिने असा रंगलेला प्रयोग मी कधी केला नव्हता.

टेंभेकरांनी फुल्या मोजल्या, मग पुन्हा मोजल्या. घड्याळाप्रमाणे इंजेक्शन घेतलेल्यांना दुखत नव्हतं. ज्यांनी मागितलंच नाही, त्यांनाही दुखत नव्हतं. फरक शून्य. "महाराज, हे खरं वाटत नाही हो," ते म्हणाले. पण फुल्या होत्या, सही माझी होती. मोठे साहेब मात्र खूश. दवाखान्याचं नाव मुंबईत जाणार, वर इंजेक्शनंही वाचणार. त्यांनी घाईनं अहवाल टाइप करवून घेतला आणि टेंभेकरांना सही करायला लावली. परिषदेत तो वाचलाही साहेबांनीच. परत आले ते नवा नियम घेऊन. दोन शब्दांची पाटी करून त्यांनी ती वॉर्डाच्या भिंतीवर ठोकली. मागितल्यास द्यावे.

त्यानंतर पंधरा दिवसांनी गेनू परीट माझ्या कोठारात आला. दवाखान्याचे कपडे धुण्याचं काम त्याच्याकडे. ऑपरेशनच्या बायकांना दवाखान्याचीच पांढरी लुगडी मिळायची, त्यातली चार त्यानं माझ्या टेबलावर टाकली. "महाराज, बायांच्या वार्डात उंदरं लई झाल्यात. बगा की, पदराला भोकं! आन् ही काय आजची न्हाईत, गेल्या सा महिन्यापास्नं हुतंय. मी आपलं दांड घालून, शिवून शिवून देतोय."

मी कोठाराचा प्रमुख, उंदीर माझ्या अखत्यारीत. तातडीनं अर्धा डझन सापळे आणले, त्यांना सुक्या भाकरीचे तुकडे लावले आणि खाटांखाली मांडले. तीन दिवसांत उंदीर एकही नाही, फक्त एका सिस्टरचं बोट सापडलं. मी ही फजिती टेंभेकरांना रंगवून सांगत होतो. ते हसले नाहीत. लुगडं मागवलं, पदराचं टोक उजेडापुढं धरलं. भोकं अर्धगोलात होती, दोन बाजूंनी, एकासमोर एक. मग दुसरं लुगडं, मग तिसरं... शेवटी त्यांनी चष्मा काढला.

"बत्तीस दातांचा उंदीर आहे, महाराज."

अभ्यास संपला तरी माझी फेरी चालूच होती. रोज 'न्हाई' म्हणणाऱ्या तिसगावच्या भामाबाई तेव्हा घरी जायच्या तयारीत होत्या. टाके निघाले होते, बोचकं बांधून मांडीवर घेतलेलं. टेंभेकर त्यांच्या खाटेवर बसले. मी शेजारी उभा, आयुष्यात पहिल्यांदा संवाद नसलेला.

"भामाबाई, खरं सांगा. दुखत होतं?"

"झालं गेलं आता, डाक्टरसाहेब."

"पण होतं ना?"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. "जीव जातुया का र्‍हातुया असं हुतं."

"मग हे विचारायला यायचे तेव्हा 'नाही' का म्हणालात?"

"असं कसं म्हनावं, साहेब? तुमी येवढं राबून कापलं, शिवलं, जीव वाचिवला. दुखतंय म्हनलं तर तुमच्या कामाला नाव ठिवल्यावानी न्हाई का हुनार? कुनाच्या घरी जेवाय गेलं, तर आळणी हाय म्हनत्यात व्हय?" त्या माझ्याकडं वळून हसल्या. "आन् हे महाराज आलं की हसू याचं. हसलं की टाकं तुटायचं. कवा एकदा जात्यात असं हुयाचं बगा... म्हून 'न्हाई' म्हनून टाकायचं बिगीबिगी."

टाळ्या कुठं घ्यायच्या, असं मी विचारलं होतं. तिथं घ्यायच्या होत्या.

टेंभेकरांनी मोठ्या साहेबांकडं जाऊन अहवाल मागे घ्यायची विनंती केली. पुन्हा अभ्यास करू म्हणाले, यावेळी प्रश्न न विचारता पदर बघू. कोरडा, ओला, चावलेला, असे रकानेही आखून नेले होते. साहेबांनी ते रकाने चहाला आलेल्या पाहुण्यांना दाखवले. "आता शास्त्र परटाकडून शिकायचं!" सगळे हसले. परिषदेला टेंभेकरांनी स्वतः पत्र लिहिलं, त्याला पोचही आली नाही. मग या सरळ माणसानं आयुष्यातला पहिला लबाडपणा सुरू केला. रोज वॉर्डात जायचं, कुणाला काही विचारायचं नाही, पदराचं टोक बोटांत धरून बघायचं, आणि कागदावर लिहायचं : रुग्णाने मागितले. तो कागद माझ्याकडं यायचा आणि मी कुपी द्यायचो. त्या दोन शब्दांत कधीच काही खरं नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं. इतकी निर्मळ खोटी कागदपत्रं नगर जिल्ह्यात दुसरी नसतील.

माझ्या सापळ्यांतला एक ते घेऊन गेले होते. स्वतःच्या टेबलावर ठेवून त्याच्या दातांत ते रोजच्या चिठ्ठ्या अडकवायचे.

यंदा त्यांना कावीळ झाली. ती नुसती कावीळ नव्हती. पुण्याला पोट उघडलं आणि काही न काढता पुन्हा शिवलं. "स्वादुपिंड आहे," ते परत आल्यावर मला म्हणाले, जणू दुसऱ्याचा रिपोर्ट वाचत होते. लग्न केलेलं नव्हतं, मागे कुणी नव्हतं, म्हणून दवाखान्यातच, दोन नंबरच्या खोलीत राहिले. स्वादुपिंडाचं दुखणं कसं असतं ते मला पुस्तकावरून ठाऊक आहे. मी रोज जायचो. ते भिंतीकडं तोंड करून, पंचा मुठीत धरून पडलेले असायचे. आता त्यांच्यासाठी खोटं लिहायला दवाखान्यात दुसरा टेंभेकर नव्हता.

"डॉक्टर, मागा ना," मी एकदा म्हटलं. "एक शब्द बोला, मी पळत जाऊन आणतो."

ते भिंतीकडून माझ्याकडं वळले. मग म्हणाले, "मला वाटायचं, त्या बिचाऱ्या शिकलेल्या नाहीत म्हणून बोलत नाहीत... तसं नाही हो, महाराज. तोंडातून निघतच नाही."

मी साहेबांकडं गेलो. हात जोडले, यावेळी नाटकातले नव्हेत. साहेब तसे वाईट नव्हेत, लगेच उठून आले. खोलीच्या दारात उभे राहून त्यांनी विचारलं, "काय टेंभेकर, दुखतंय का?" आणि टेंभेकर, ज्यांनी या प्रश्नापायी झोप घालवली होती, ते उशीवरून किंचित उठून म्हणाले, "नाही, सर." साहेब माझ्याकडं वळले. "बघा. आणि नियम त्यांच्याच अहवालावरून केलाय." एक कुपी खोलीत ठेवून द्यायची परवानगी मात्र त्यांनी दिली. मागितल्यास द्यायला. तीच परत आली.

कोठाराची किल्ली माझ्या कमरेला होती. त्यांचे शेवटचे अकरा दिवस होती. दर गणपतीत मी लाकडी तलवारीनं राज्यं उलथवतो. त्या अकरा दिवसांत माझ्यानं एक कुलूप उघडवलं नाही. याहून जास्त मला त्याबद्दल लिहिता येत नाही.

तो सापळा आता माझ्या टेबलावर आहे. त्याच्या दातांत शेवटची चिठ्ठी तशीच अडकलेली आहे, शेवगावच्या कुणा बाईची, 'रुग्णाने मागितले'. ती काढावी असं वाटत नाही. चिठ्ठीकडं नजर गेली की दवाखान्याच्या भोजनगृहातली शोकसभा आठवते. भिंतीला टेंभेकरांचा फोटो, त्यालाही साहेबांच्या हुकमानं पंचा नव्हता. साहेब खरंच हळहळत उभे राहिले. ते म्हणाले, "आमच्या टेंभेकरांचं भाग्य मोठं. शेवटच्या क्षणापर्यंत त्यांना वेदनेचा लवलेशही नव्हता. मी स्वतः विचारलं होतं." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली असावी. मागे दाराशी, दोन नंबरच्या खोलीतले धुतलेले कपडे काखेत घेऊन गेनू परीट उभा होता. सभेत मध्येच बोलू नये, हे त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं.

"मंग सायेब," तो मोठ्यानं म्हणाला, "त्यांच्या पंच्याला भोकं काय उंदरानं पाडली?"