तव्यावर पारखलेला गालिचा

"जमणार नाही" असं आमच्या आत्यासमोर कुणी म्हटलं, की ती आधी पदर खोचायची आणि मग विचारायची, "कुणाला?" या प्रश्नाला सरळ उत्तर देणारा माणूस मी उभ्या जन्मात पाहिला नाही. लोक तिला हट्टी म्हणायचे, आगाऊ म्हणायचे, पाठीमागे तर काय काय म्हणायचे. म्हणोत बापडे. मी आज तिची बाजू घेऊनच लिहायला बसलो आहे. ज्याला पटत नसेल त्याने इथेच थांबावं.

आत्याचं सासर संगमेश्वरपासून तीन मैल आत. तिचे यजमान, म्हणजे आमचे भाईकाका, यांच्याकडे एक जुनीपुराणी पिकअप होती. गोल नाकाची, वटारलेल्या डोळ्यांसारख्या दिव्यांची, चढायला बाहेर लांब पायरी असलेली. कुणा गोऱ्या साहेबाने देश सोडताना ती मिळेल त्या भावाला विकून टाकली आणि हातोहाती फिरत ती भाईकाकांकडे आली. आंब्याच्या दिवसांत पेट्या रत्नागिरीला पोचवायच्या, एरवी पेंढा, काजू, नाहीतर कुणाच्या लग्नाची भांडी. पंचवीस वर्षं भाईकाकांनी ती गाडी चालवली. मग त्यांना साखरेचा आजार जडला आणि हळूहळू दोन्ही तळपाय बधिर झाले. पायाखाली क्लच आहे की ब्रेक तेच कळेना. एके दिवशी त्यांनी गाडी अंगणात उभी केली, चावी आत्याच्या हातात दिली आणि म्हणाले, "आता तू शीक."

आत्या घरी ब्लाऊज शिवायची. चाळिशी उलटलेली, सायकललाही कधी हात न लावलेली बाई. वाडीतले लोक म्हणाले, जमणार नाही. झालं! सहा महिन्यांत लायसन तिच्या हातात होतं. ती चालवायची आणि भाईकाका बाजूला बसून सूचना करायचे. "हळू सोड गो पाय, ती काय तुझी शिलाई मशीन हाय?" आत्या म्हणायची, "मशीनच बरी. ती नवऱ्यासारखी बाजूला बसून बोलत नाय." दोघंही मजेत होते. वाडीत कुणाचं एवढं मजेत चाललेलं नव्हतं, हेही मी स्पष्टच सांगतो.

त्या गाडीचा धुराचा पाईप बाजूच्या सीटखालून जायचा. मे महिन्यात आधीच ऊन, त्यात तो पाईप, केबिनचा खालचा पत्रा भयंकर तापायचा. एकदा पेट्या घेऊन रत्नागिरीला जाताना भाईकाकांच्या पायातली चप्पल निसटली. त्यांना कळलंच नाही. तास-दीड तास उघडी टाच तापल्या पत्र्यावर. उतरताना आत्याने बघितलं तेव्हा लिंबाएवढा फोड आला होता. ती जखम भरायला चार महिने लागले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, असं पुन्हा झालं तर पाय कापावा लागेल. घट्ट बूट घालायचे नाहीत, तेही न कळता चावतील. मऊ चप्पल चालेल, पण ती तर निसटत होती.

भाईकाकांचे थोरले भाऊ अण्णा. घरात त्यांचा शब्द शेवटचा. माणूस वाईट नव्हता, उलट धाकट्या भावावर जीव होता, आणि म्हणूनच त्यांनी निकाल दिला, "भाईने आता खाटेवर पडून राहायचं. गाडी विकून टाकू." आत्याने ते चार महिने बघितले होते. खाटेवरचे भाईकाका भिंतीकडे तोंड करून झोपायचे. बागेत मोहर किती आलाय तेसुद्धा विचारत नव्हते. ती अण्णांना म्हणाली, "पाय वाचेल हो अण्णा. पण माणूस?"

"दुसरा उपाय काय?" अण्णांनी विचारलं.

"पत्र्यावर गालिचा घालते."

अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला. "आंब्याच्या गाडीला गालिचा! मग झुंबर पण लाव वर एक." संगमेश्वरच्या मेस्त्रीनेही मान हलवली. म्हणाला, वहिनी, माल वाहायच्या गाडीत असलं काही टिकत नाही, पावसाळ्यात खालचा पत्रा कुजेल, जमणार नाही. मी तेव्हा सावर्ड्याला शाळेत नुकताच शिक्षक म्हणून लागलो होतो. रविवारी आत्याकडे गेलो तर तिचा पदर खोचलेलाच होता. "मास्तर," ती मला म्हणाली. भाचा असलो तरी नोकरी लागल्यापासून ती मला मास्तरच म्हणायची. "चिपळूणला जा आणि पायाखाली घालायचं म्हणून जे जे काय मिळतं त्याचा वीतभर तुकडा घेऊन ये."

पुढच्या रविवारी मी पिशवी भरून तुकडे नेले. मला वाटलं, ती रंग बघेल, पोत बघेल. तिने चूल पेटवली! भाकरीचा तवा तापवला, त्यावर रबराच्या मॅटचा तुकडा टाकला, वर आपला तळहात दाबून धरला आणि म्हणाली, "मास्तर, आकडे मोज." वीसपर्यंतही पोचलो नाही तोच घरभर अशी घाण सुटली की शेजारीण विचारायला आली, कोण काय जाळतंय. तो तवा पुढे आठ दिवस घासत होती. मग काथ्याची चटई. ती ऐंशीपर्यंत टिकली. मला बरी वाटली, पण आत्याने ती उचलली आणि स्वतःच्या गालावर घासली. लाल ओरखडे उठले. "बघितलंस? मला कळलं, ह्यांना कळायचं नाय," म्हणून ती तिने चुलीतच घातली. घोंगडी उष्णतेला चांगली निघाली. ती बादलीत बुडवून दोरीवर टाकली, तर चौथ्या दिवशीही ओली, हे मला पुढच्या रविवारी गेल्यावर कळलं. घोंगडी बाद.

भाईकाका ओटीवरून हे सगळं बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "अगो, माझ्या पायासाठी तू हात भाजून घेतेस?"

"तुमच्या पायाला कळत नाय, म्हणून माझ्या हाताला कळवून घेते. उगी बसा."

पिशवीच्या तळाशी एक तुकडा राहिला होता, तो काढायचीच मला लाज वाटत होती. मंगल कार्यालयात अंथरतात तसला जाड लोकरी गालिचा. दुकानदाराचा तो गठ्ठा चिपळूणच्या पुरात दोन दिवस पाण्याखाली होता. वाळवून परत ठेवला होता, लाल रंगाचा विटकरी झाला होता, पण धागा कुठे सुटला नव्हता. मी हे सांगताच आत्याचे डोळे चमकले. "पुरातून वर आलाय ना हा? मग ह्याला आमच्या पावसाची काय भीती घालतो तो मेस्त्री?" त्याच्याखाली तिने मी आणलेला नमद्याचा तुकडा ठेवला. नमदा म्हणजे लोकर दाबून केलेला जाड थर. दोन्ही एकावर एक तव्यावर ठेवले. मी तीनशेपर्यंत मोजलं, मोजून माझं तोंड दुखलं, तिचा हात तिथून हलला नाही. गालाला लावला, मऊ. वीण मोकळी, त्यामुळे भिजवून वाळत टाकला तर दुसऱ्या दिवशी सुका. गालिचा ठरला.

बसवायचं कामही तिने मेस्त्रीला दिलं नाही. "तो हसत हसत करील, मला नको," म्हणाली. सीट आम्ही दोघांनी मिळून बाहेर काढली. पत्र्यावरचा गंज पॉलिशच्या कागदाने घासून वर तांबडा रंग दिला. वर्तमानपत्रं चिकटवून गियरच्या दांड्याभोवती, पेडलांभोवती फिरवून तिने नमुना काढला, ब्लाऊजचा काढायची तसाच. डिंक, खिळे काही नाही. गालिच्याच्या कडांना टिचबटणं शिवली आणि पत्र्याला स्क्रूने बसवलेल्या कॅनव्हासच्या पट्टीवर त्यांच्या जोड्या. पाऊस लागला की टचाटच उघडायचं आणि न्हाणीघराच्या भिंतीवर वाळत घालायचं. पत्रा कुजण्याचा प्रश्नच मिटला. कापताना मात्र तिने ड्रायव्हरच्या बाजूला चार बोटं माया सोडली आणि तिथे बटणंही लावली नाहीत. शिंप्याची सवय. बाईचं अंग सुटलं की ब्लाऊज उसवून सैल करता आला पाहिजे, म्हणून शिवणीत जादा कापड ठेवायचं. भाईकाका म्हणाले, "गो, लोखंडाला काय अंग सुटणार हाय?" आत्या म्हणाली, "माया ठेवल्याशिवाय माझी कात्री चालत नाय."

गाडीत गालिचा आल्यावर गंमतच झाली. कुणी सांगायच्या आधीच लोक पायातलं काढून आत चढू लागले. गालिचा दिसला की आपल्या माणसाचा हात आपोआप चपलेकडे जातो. एकदा आंब्याचे एक दलाल संगमेश्वरच्या स्टँडवर चढले. रत्नागिरीत उतरताना पाय खाली टाकतात तर चपला नाहीत. उंबऱ्याबाहेर काढाव्यात तशा त्यांनी त्या स्टँडवरच काढून, नीट जोडीने ठेवल्या होत्या! आत्या इतकी हसली की तिला गाडी पाच मिनिटं बंद करून ठेवावी लागली. भाईकाकाही हसले. खाटेवरून उठल्यानंतर त्यांना पोट धरून हसताना मी तेव्हाच बघितलं, आणि त्यासाठी शंभर दलालांच्या चपला गेल्या असत्या तरी मला चाललं असतं.

मे महिन्याच्या सुट्टीत मी त्यांच्याबरोबर रत्नागिरीला निघालो. मागे पेट्या, पुढे सीटवर आत्या, मध्ये मी, दाराशी भाईकाका. घाटाच्या उतारावर आत्याने पाय उचलला, पण इंजिन कमी होईना. उलट भणाणत सुटलं. ती माया! चार बोटांची ती सुटी कड वर उठून अ‍ॅक्सिलरेटरवर चढली होती आणि पेडल खाली दाबून धरत होती. समोर वळण, पलीकडे दरी. भाईकाका जेवताना मीठ मागावं इतक्या शांतपणे म्हणाले, "चावी बंद कर. क्लच दाबू नको. आता ब्रेक. दाब, दाब. डावीकडे डोंगराला घे." गाडी डोंगराच्या कडेला घासत थांबली. आत्याने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. भाईकाका म्हणाले, "कात्री आणलीयस?" तिने पिशवीतून कात्री काढली आणि तिथल्या तिथे चार बोटं कापून दरीत फेकली.

मी गप्प बसायला हवं होतं. पण घरी येऊन अण्णांपुढे मीच बोलून गेलो, गाढव मी. अण्णा पांढरेफटक पडले. हात पुढे करून म्हणाले, "झाली हौस? आता चावी इकडे दे. भाई उद्यापासून घरात."

आत्या उठून उभी राहिली. थोरल्या दिरापुढे तिने तोपर्यंत कधी आवाज चढवला नव्हता. "चूक माझी. कापडात ठेवतात तशी माया मी लोखंडात ठेवली. शिकले. पुन्हा नाय ठेवणार. पण अण्णा, आम्हाला वाचवलं कुणी? हे बाजूला बसले होते म्हणून मी तुमच्यासमोर उभी हाय. नायतर दोन तिरड्या आणि वर हा मास्तर! आणि ह्यांना तुम्ही खाटेवर झोपवता? पाय कळत नाय त्यांना, रस्ता कळतो हो! नाय देत चावी. काय करायचं ते करा."

मग भाईकाका हळूच म्हणाले, "अण्णा, मला गाडीत बसू दे." अण्णांनी पुढे केलेला हात मागे घेतला आणि ते उठून गोठ्याकडे निघून गेले. त्यांनी पुन्हा चावी मागितली नाही.

त्यानंतर सहा वर्षं भाईकाका त्या सीटवर बसले. सूचना देत, भांडत, वाटेतल्या आंब्याच्या प्रत्येक कलमाकडे बघून यंदा किती धरेल ते सांगत. आत्या दर मुक्कामाला खाली वाकून आधी त्यांचे तळपाय बघायची, मग पेट्या उतरवायला सांगायची. सहा वर्षांत एकदाही चुकली नाही. बाजारातले लोक बघून हसायचे. ती त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसे.

श्रावणात भाईकाका झोपेतच गेले. निरोप मिळाला तसा मी सावर्ड्याहून निघालो. पोचलो तेव्हा अंगणात त्यांच्या शेवटच्या आंघोळीची तयारी झाली होती. मी पाणी घालू लागलो. अण्णा, सत्तरीचे, कुणाचं न ऐकता पायांशी जाऊन बसले. त्यांनी धाकट्या भावाचे तळपाय मांडीवर घेतले आणि टाचेपासून अंगठ्यापर्यंत हात फिरवत सावकाश धुतले. तो जुना फोडाचा डाग तेवढा होता. बाकी कुठे खरचटल्याची खूणसुद्धा नव्हती. अण्णा ते पाय सोडीचनात.

मी आत गेलो. आत्या कोपऱ्यात बसली होती, कोरड्या डोळ्यांनी. बायका म्हणत होत्या, हिला रडवा कुणीतरी. तिने मला जवळ बोलावलं.

"मास्तर, पाय बघितलेस?"

"बघितले."

"जखम?"

"एकसुद्धा नाही, आत्या."

"मग जा, अण्णांना सांग."

"अण्णांनीच धुतले," मी म्हणालो.

तेव्हा कुठे आत्याने हंबरडा फोडला.