गोठ्यातली खाण

बैलानं शेपूट उचललं, की आमचे आबा हातातला चहा खाली ठेवून, पाटी घेऊन धावायचे. लग्न होऊन कर्जत तालुक्यातल्या त्या गावात आले, तेव्हा पहिल्याच सकाळी सासऱ्यांचं हे धावणं पाहिलं आणि पदर तोंडाला लावून हसत सुटले. गाव त्यांना ‘गॅसआबा’ म्हणे. परड्यात त्यांनी गोबरगॅस बांधला होता. खड्ड्यात शेणपाणी, वर गॅस भरला की उचलणारी लोखंडी टाकी आणि तिथून स्वयंपाकघरातल्या शेगडीला नळी. सगळा खटाटोप सासूबाईंसाठी. चुलीच्या धुरानं त्यांचे डोळे बारमाही गळत. धूर थांबला नाही तर दृष्टी जाईल, असं नगरच्या डॉक्टरनं बजावलं होतं.

दुकानापुढे रॉकेलला रांग लागली की आबांना भारी चेव चढायचा. मुद्दाम तिथं जाऊन ऐकवायचे, “अरबाचं तेल अरबाला लखलाभ! आपली खाण गोठ्यात हाय!”

पण घरात त्यांचं काही चालेना. सासूबाई त्या शेगडीवर चहासुद्धा ठेवत नसत. डोळे पुसत स्वतःची भाकरी नि देवाचा नैवेद्य चुलीवरच करत.

“अगं, जल्मभर गोवऱ्यांवरच भाजलंस की! ते काय चंदन हुतं?” आबा कावायचे.

“गोवरी उन्हात वाळतीया. ह्ये सडतंय. सडक्यावर देवाचं करू व्हय?”

खरं सांगू, मला दोघांचंही पटायचं.

बहात्तरच्या दुष्काळात जनावरं छावणीत गेली आणि टाकी खाली बसली. म्हटलं, आबा सुटले आता या वेडातून. कसले सुटताहेत! रोज सायकलला पाटी बांधून छावणीतून शेण आणू लागले. पाण्याचं तर विचारूच नका. गुळाच्या जुन्या काहिलीत बसून बिनसाबणाची अंघोळ करायचे आणि तेच पाणी शेणात कालवायचे. “म्हातारपणी काय ही सोंगं!” म्हणून सासूबाई कपाळाला हात लावायच्या.

एकदा आबा सायकलवरून पडले, पाय चांगलाच मुरगळला. शेण येईना, आठवडाभरात शेगडी विझली. खाटेवर पडून टाकीकडे बघत राहिले. बोलेनात की धड जेवेनात. एवढा बडबड्या माणूस गप्प झालेला बघून मला रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई घरात दिसेनात. दुपारी आल्या, त्या डोक्यावर शेणाची पाटी घेऊन. छावणीपर्यंत पायी गेल्या होत्या माउली! शेण स्वतःच्या हातानं कालवलं. मग रोज गेल्या. काही दिवसांनी टाकी पुन्हा वर आली, तेव्हा शेगडी त्यांनीच पेटवली आणि नैवेद्याची भाकरी तव्यावर टाकली.

“आता देवाला चालतंय व्हय?” आबा खाटेवरून म्हणाले.

“देवाचं मी बघीन. तुमी गप जेवा.”

त्या दिवसापासून चूल बंद झाली. सासूबाईंचे डोळे हळूहळू निवळले. आबा मात्र ते डोळे साऱ्या गावाला दाखवत सुटले, बायकोला हाताला धरून.

पुढे बऱ्याच वर्षांनी आबा गेले. तेराव्याला भावकीतले एक थोरले गृहस्थ म्हणाले, “आजचा दिवस तरी सैपाक चुलीवर करा. रीत हाय ती.” आम्ही सुना चुळबुळत उभ्या राहिलो.

सासूबाई पदर खोचून उठल्या. “धुरावरचं त्येंच्या घशाखाली उतरायचं न्हाई,” म्हणाल्या आणि शेगडी पेटवायला आत गेल्या.