घोडीची पाठ भरली तेव्हा

घोडी टेंपोतून उतरली तेव्हा ओट्यावर उभी असलेली माझी बायको म्हणाली, "ही घोडी हाय का नुसता सांगाडा?" मला राग आला. पण खोटं कशाला सांगू, माझ्याही मनात तेच आलं होतं. पाठीचा कणा वर आला होता, खांद्यामागे दोन्ही बाजूंना मूठ बसेल असे खड्डे पडले होते, आणि पोटाखाली टाक्यांची लांबच लांब रेघ होती.

घोडी माझ्या थोरल्या भावाची. तो माथेरानला पर्यटकांना घोड्यावर बसवून फिरवतो. त्याच्या दोन घोड्यांपैकी म्हातारा घोडा आदल्या वर्षी गेला, उरली ही एकटी. श्रावणात तिच्या आतड्याला पीळ पडला. मुंबईच्या जनावरांच्या दवाखान्यात पोट उघडून तो सोडवला, म्हणून जीव वाचला. पण डोंगराची चढण तिला कित्येक महिने झेपणार नव्हती. म्हणून भावाने तिला खाली, दहिवलीच्या पुढे आमच्या गावी आणलं. दावं माझ्या हातात देताना म्हणाला, "पाठ भरली की सांग रं. हिच्याबिगर वर माजं काय नाय."

मी तेव्हा रसायनीच्या कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन नुकताच घरी बसलो होतो. तीस वर्षं पाळ्या केलेल्या माणसाला सकाळी उठून करायचं काय, हा प्रश्न फार वाईट असतो. मी पेपर वाचायचो आणि बायकोच्या भाजी चिरण्यात चुका काढायचो. घोडी आली आणि सगळ्यात आधी सुटली ती बायको.

पहिल्या दोन महिन्यांत मी घोडचूकच केली. जनावर वाळलंय ना, मग खाऊ घाला, एवढीच माझी अक्कल. भिजवलेले चणे, कोंडा, गूळ, मागेल ते दिलं. दिवाळीपर्यंत घोडीचं पोट गोल झालं आणि गाव म्हणू लागलं, वा, काय अंगावर आली! महिन्यातून एकदा जनावरांच्या डॉक्टरीणबाई यायच्या. त्यांनी तिच्या पाठीवर हात फिरवला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी शाळेतल्या पोरासारखा खाली बघू लागलो. "काका, ही चरबी आहे. नुसतं खाऊन मांस चढत नाही, ते चालून चढतं," त्या म्हणाल्या. "आणि मान खाली घालून चालली पाहिजे. मान वर गेली की पाठ खाली दबते." त्यांनी गूळ बंद केला, लसूणघास सुरू करायला सांगितलं आणि म्हणाल्या, वाटेत थोड्याथोड्या अंतरावर लाकडं आडवी टाका. ती ओलांडताना जनावर पाय उचलतं, पोट आवळतं, पाठ वर घेतं.

लाकडं कशाला हवीत? नुकती भातकापणी झाली होती. घरामागे चुलतीची खाचरं मोकळी पडली होती आणि दर वीस-पंचवीस पावलांवर बांध होता. पण कापणी झाली की चुलती उरलेल्या ओलीवर वाल पेरते. मी बिचकत विचारायला गेलो. कमरेवर हात ठेवून ती घोडीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कडंची पट्टी सोडते तुला. पन माज्या वालात शिरली तर तुलाच दावनीला बांदीन."

रोज सकाळी आम्ही दोघं त्या पट्टीत. मी पुढे, दावं सैल, ती मागे. बांध आला की ती मान खाली घालून हुंगायची, एकेक पाय मोजून टाकल्यासारखा उचलायची. आधी चार बांध, मग आठ, मग गेलो तसे परत. घरी आल्यावर गाजर तिच्या कुशीकडे धरायचो, म्हणजे ती मान वळवून ताण द्यायची. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. बायको म्हणाली, "माजी कंबर धरली व्हती तवा कुनी गाजर नाय दाखवलं." गावात हसू झालं. मला काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर इतका आनंद मला पगाराच्या दिवशीही कधी झाला नव्हता. रात्रपाळीने मोडलेली झोप लागू लागली. घोडी माझ्या चपलेचा आवाज ओळखून घशातल्या घशात बोलायची.

पौषात खड्डे भरू लागले. आधी मूठ मावायची, मग चार बोटं, मग काहीच नाही. कण्याच्या दोन्ही बाजूंना मांस चढलं आणि पाठीवर हात सरळ फिरू लागला. संक्रांतीच्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी बोटं दाबून पाहिलं. "काका, छान केलंत," त्या म्हणाल्या. "आता खोगीर घाला. हलक्या वजनापासून सुरुवात करू दे तुमच्या भावाला."

मी भावाला सांगितलं नाही.

फोन आला की म्हणायचो, भरत आलीय, पण खांद्यामागं अजून थोडा खड्डा हाय. तो म्हणायचा, बरं, घाई नको. एका वाक्यात काम व्हायचं. बायकोला ते कळलं होतं. "थोरल्या भावोजींची घोडी हाय, तुमची नाय," ती एकदा म्हणाली. मी तिच्यावर खेकसलो. स्वतःशी मात्र म्हणायचो, जनावराच्या भल्यासाठीच आहे, आणखी एक महिना मिळाला तर बिघडलं कुठे. माणूस स्वतःला किती गोड बोलून फसवतो! घोडी गेली की मी पुन्हा ओट्यावर पेपर घेऊन बसणार, याची मला भीती वाटत होती. खरं कारण तेवढंच होतं.

शिमगा झाल्यावर भाऊ न सांगता आला. खोगीर सोबत आणलं होतं. आधी पाणी नाही, चहा नाही, सरळ गोठ्यात गेला. तिच्या मानेच्या मुळापासून शेपटीपर्यंत सावकाश हात फिरवला. खांद्यामागे जिथे मी खड्डा सांगत होतो, तिथे तळहात टेकवून उभा राहिला.

"कवा भरली ही?"

"आत्ताच. आठ-धा दिस झाले."

त्याने तळहात काढून घेतला. अंगणातल्या नळावर गेला आणि हातपाय धुवायला सदरा काढला. मी टॉवेल घेऊन गेलो आणि तिथेच थांबलो. त्याच्या उजव्या खांद्यावरची कातडी काळी पडून जाड झाली होती, जू ओढणाऱ्या बैलाच्या मानेसारखी. गळ्याची हाडं वर आली होती. तो खाली वाकला की एका बाजूला कलत होता.

"हे काय रं, दादा?"

"बॅगा. पाव्हन्यांच्या. एक डोक्यावर, एक खांद्यावर." पाणी तोंडावर मारत तो म्हणाला, "घोडी खाली, मग मी काय बसून खानार?"

अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. मला तिथल्या तिथे मेल्यासारखं झालं. "दादा, ती संक्रांतीलाच भरली व्हती," मी म्हणालो. "डॉक्टरीण म्हनाल्या व्हत्या. मी खोटं बोललो."

"हात लावला तवाच कळलं." त्याने माझ्या हातातला टॉवेल घेतला, तोंड पुसलं. "ठेवायची व्हती तर सांगायचं. मी कवा तुला नाय म्हनलो रं?"

रागावला असता तर बरं झालं असतं. जेवायला बसला, बायकोशी पावसापाण्याचं बोलला, चुलतीला हाक मारून आला. मग घोडी सोडली. तिने वळून माझ्याकडे पाहिलं आणि त्याच्या मागे चालू लागली. रस्त्याने नेरळ आणि मग पुढची माथेरानची सगळी चढण, एवढं त्या दोघांना चालायचं होतं.

मी म्हणालो, "खोगीर घाल ना तिला."

"नको. पयल्या दिशी नुसतीच चालू दे. पाठ नवी हाय." त्याने खोगीर उचललं आणि आपल्या उजव्या खांद्यावर टाकलं.

मी धावत जाऊन खोगिराला हात घातला. त्याने ते दिलं नाही.