एक गाळा, दोन पक्ष

आमच्या पक्षाला मतं कधी मिळाली नाहीत, किस्से मात्र भरपूर मिळाले! चार जुने कार्यकर्ते नेरूळला चहाला जमले की दुसरा विषयच निघत नाही. समाजवाद यायचा तेव्हा येईल, तोवर हे ऐकून घ्या. फक्त पक्षाचं नाव विचारू नका. ते नक्की कोणाचं, यावर अजून केस चालू आहे.

*

पक्ष फुटला तो पाण्यावरून. नेरूळच्या एका गाळ्यात आमचं कार्यालय. तिथे मीटिंग होती. अध्यक्ष आप्पा, मूळचे साताऱ्याकडचे, मार्केटात पाठीवर पोती वाहता वाहता पुढारी झालेले. सरचिटणीस आमचे सर, शाळेत इतिहास शिकवायचे आणि वर्गात न मावलेला इतिहास आम्हाला ऐकवायचे. महिला आघाडीच्या कुंदाताई शेजारच्या शिरवणे गावच्या. त्या उठून म्हणाल्या, "आमच्या गावात दोन दिस पानी नाय."

आप्पा म्हणाले, आधी पाण्याचा ठराव घ्या. सर म्हणाले, विषयपत्रिकेत आधी जागतिक परिस्थिती आहे, क्रम बदलता येणार नाही. आवाज चढले, जुनी उणीदुणी निघाली आणि संध्याकाळपर्यंत एका पक्षाचे दोन झाले. कुंदाताई चपला शोधत म्हणाल्या, "मी पानी मागाला आले, तुमी पक्षच फोडला!"

पाणी दुसऱ्या दिवशी आलं. पक्ष काही जुळला नाही.

मी आप्पांच्या गटात गेलो. तात्त्विक कारण असं काही नव्हतं. त्या दिवशी मी त्या बाजूला बसलो होतो.

*

गाळा सोडायला कोणीच तयार नाही. मग मधोमध लोखंडी कपाट उभं केलं. अलीकडे आप्पा, पलीकडे सर. दार आप्पांच्या बाजूला, त्यामुळे सरांना रोज शत्रूच्या मुलखातून जावं लागायचं. ते छताकडे बघत जायचे. पण पंखा आप्पांच्या डोक्यावर आणि त्याचं बटण सरांच्या भिंतीवर!

मे महिन्यात आप्पा घामाने निथळायचे, पण बोलायचे नाहीत. शेवटी मला म्हणाले, "जा, त्यास्नी म्हणावं बटण दाबा." मी कपाटाला वळसा घालून गेलो. सर म्हणाले, "मागणी लेखी द्या. कार्यकारिणीपुढे ठेवतो." कार्यकारिणी म्हणजे सर आणि त्यांचे साडू. आप्पांनी लेखी दिलं, कार्यकारिणी बसली, चर्चा झाली, मंजुरी मिळाली, बटण दाबलं.

लाइट गेली होती!

*

एकदा महापालिकेवर दोन्ही गटांनी एकाच दिवशी मोर्चा काढला. इन्स्पेक्टरने हात जोडले, "एकामागून एक चला हो, माझ्याकडे बंदोबस्त एकच आहे." पुढे आम्ही, मागे ते आणि मधे कपाटाच्या जागी एक हवालदार.

आप्पांनी आरोळी ठोकली, "कामगार एकजुटीचा..." आणि मागून सरांच्या अख्ख्या गटाने सवयीने गर्जना केली, "विजय असो!" त्यात सगळ्यात मोठा आवाज सरांचा होता.

दुसऱ्या दिवशी सरांनी आपल्या सगळ्या कार्यकर्त्यांना शिस्तभंगाची नोटीस काढली. माणूस प्रामाणिक. एक नोटीस स्वतःलाही दिली!

*

इलेक्शनला सर ऐरोलीच्या एका टॉवरमध्ये प्रचाराला गेले. वॉचमनने गेटवर अडवलं. "डिलिव्हरी या गेस्ट?"

सर ताठ उभे राहिले. "आम्ही समाजवाद घेऊन आलोय."

वॉचमनने इंटरकॉम लावला. "मॅडम, समाजवाद आया है। ऊपर भेजूँ?"

वरून उत्तर आलं ते गेटवरच्या सगळ्यांना ऐकू गेलं. "हमने ऑर्डर नहीं किया!"

*

आमच्याकडे तयार झालेली पोरं पुढे मोठ्या पक्षांत गेली, मोठ्या गाड्यांत बसली. त्यातला एक दिवाळीला गाळ्यात आला. मागे चार बॉडीगार्ड. आप्पांच्या पाया पडून फोटो काढला आणि गहिवरून म्हणाला, "आप्पा, माझ्यावरचे संस्कार याच गाळ्यातले!"

आप्पांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मग जाताना हितंच इसरून गेलास व्हय?"

*

आता बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. प्लास्टर पडायला लागलं होतं, वरच्या लोकांनी कधीच सह्या केल्या होत्या. अडलं होतं आमच्या गाळ्यावर. गाळा पक्षाच्या नावावर, पक्ष दोन! बिल्डरचा माणूस म्हणाला, "एकच पक्ष, एकच संमतीपत्र, तर नवीन गाळा. नाहीतर नावाचा निकाल लागेपर्यंत तुम्ही बाहेर."

हे ऐकून आप्पांचा चेहरा पडला. तुम्ही हसाल, पण त्यांना दुसरी जागाच नव्हती. काकू गेल्यापासून सकाळी गाळा उघडायचा, पेपर वाचायचा, सरांची वाट बघायची आणि ते आले की तोंड फिरवायचं, एवढाच त्यांचा दिवस. सरांचं तरी काय वेगळं? मुलगा-सून दोघं घरूनच काम करणारी, मीटिंग चालू म्हणून घरात खोकायचीही चोरी. गाळा गेला असता तर दोघंही गेले असते. मला त्या आठवड्यात खरंच झोप लागली नाही.

दोघंही अडून बसले. पहिली सही कोणी करायची, यावर! शेवटी कुंदाताईच भडकल्या. "कोर्टाचा निकाल लागंपर्यंत तुमी दोगं वर जाल. करा सही!"

रविवारी ऐक्याची बैठक झाली. मी आणि साडूंनी मिळून कपाट बाहेर काढलं. इतक्या वर्षांनी दोघं समोरासमोर बसले. सर म्हणाले, "आप्पा, बारीक झालात हो." आप्पांनी नुसता चहा पुढे सरकवला. ठराव एकमताने पास झाला. आमच्या पक्षात असं पहिल्यांदाच घडलं, कुंदाताईंनी डोळ्यांना पदर लावला.

बिल्डरचा माणूस खूश! त्याने नव्या गाळ्याचा प्लान टेबलावर पसरला. "बघा काका, एकच हॉल, एकदम मोकळा. इथे सह्या करा."

आप्पांनी चष्मा लावला. प्लान सरळ धरून बघितला, फिरवून बघितला. मग बरोबर मधोमध बोट ठेवलं.

"ह्यात कपाट कुठंय?"

"काका, आता तुम्ही एक झालात ना! कपाट कशाला?"

आप्पांनी सरांकडे बघितलं. सरांनी आप्पांकडे बघितलं. मग सर पुढे वाकले आणि त्यांनी प्लान स्वतःकडे ओढला.

"कपाट दाखवा. आणि पंख्याचं बटण माझ्या बाजूला."