व्याह्यांची रंगीत तालीम

२०२३ सालची गोष्ट. माझं वय बहात्तर होतं. सोलापुरात चाळीस वर्षं खानावळ चालवली, लग्नाकार्यांतून किती पंगती उठवल्या त्याचा हिशेब नाही, आणि पंगतीत माणूस जसा कळतो तसा कुठेच कळत नाही. तेव्हा मी हे अधिकाराने सांगतो, की आमच्या व्याह्यांसारखा माणूस दुसरा होणे नाही. जन्माला येण्याआधी त्यांनी आईच्या पोटात एकदा रंगीत तालीम करून घेतली असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

व्याही म्हणजे सूनबाईंचे वडील, त्यांचे अण्णा. सांगलीचे, पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते. आयुष्यात एकही गोष्ट त्यांनी पहिल्यांदा म्हणून केली नाही. जे करायचं ते आधी घरी करून बघायचं. दाताच्या डॉक्टरकडे जायचं, तर आदल्या दिवशी खुर्चीत मान मागे टाकून अर्धा तास आ वासून बसायचे. जर्मनीला यायच्या आधी दिवाणखान्यात खुर्च्यांच्या रांगा लावून, पोटाला नाडी बांधून हे आठ तास बसून होते म्हणे, आणि विहीणबाई दर दोन तासांनी ट्रेमधून उपमा आणून देत होत्या. पोरांच्या लग्नात तर त्यांनी कहर केला. आदल्या दिवशी मला म्हणाले, "व्याहीबुवा, उद्याच्या पंगतीची एक तालीम घेऊ या. रिकामी ताटं मांडू." मी म्हटलं, "अहो साहेब, मी आचारी माणूस. मला पंगत शिकवता?" तर हात जोडून म्हणाले, "तुम्हाला नाही हो. मला शिकायचंय. चुका घरातल्या घरात करून घेतल्या, की चारचौघांत शिल्लक राहत नाहीत." शेवटी बारा माणसं रिकाम्या ताटांवर बसवली. मी चौथीपर्यंत शिकलेला. माझ्या आयुष्यात जे घडलं ते एकदाच आणि सरळ घडलं. म्हणून मला या माणसाचा राग यायचा आणि हसूही यायचं.

त्या वर्षी आम्ही दोघेही तीन महिन्यांच्या व्हिसावर जर्मनीत डार्मश्टाटला पोरांकडे आलो होतो. बायको जाऊन मला चार वर्षं झाली होती, विहीणबाई गुडघ्यांमुळे सांगलीतच राहिल्या होत्या. एका खोलीत दोन म्हातारे. सामान आणायला गेलं तरी यांची तालीम. तिथल्या दुकानात कॅशवरची बाई वस्तू अशा भिरकावते की पिशवीत भरायला उसंत मिळत नाही, आणि मागची रांग आपल्याकडे बघत राहते. म्हणून घरच्या डायनिंग टेबलावर मी कॅशवाला व्हायचं, डाळीची पाकिटं ढकलायची, आणि यांनी घड्याळ लावून ती पिशवीत भरायची. "आज सव्वीस सेकंद, व्याहीबुवा! काल चौतीस होते!"

हे सगळं मजेत चाललं होतं, तोवर सप्टेंबरातल्या एका रविवारी दुपारी मी शेंगदाण्याची चटणी कुटायला घेतली. मिक्सरमध्ये केली तर ती चटणी होत नाही, पीठ होतं, म्हणून लोखंडी खलबत्ता मी सोलापुराहून सामानात घालून आणला होता. फरशीवर बसलो आणि सुरू केलं. व्याही दारात येऊन म्हणाले, "व्याहीबुवा, इथे रविवारी आवाज चालत नाही. खाली म्हातारे गृहस्थ झोपतात. उद्या कुटा ना." मी म्हटलं, "दाणे आज भाजलेत." आणि सगळी चटणी कुटूनच उठलो.

आठ दिवसांनी पत्र आलं. खालच्या मजल्यावर हेर वेबर, म्हणजे आपल्याकडचे वेबरसाहेब, एकटे राहतात, माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठे. त्यांनी इमारतीचा कारभार बघणाऱ्या कंपनीकडे तक्रार केली होती. पत्राला आबमानुंग म्हणतात, म्हणजे ताकीद. अशी आणखी एक आली, तर घर सोडायला लावू शकतात. मुलगा पत्र हातात धरून उभा होता. हे घर त्याला अकरा महिन्यांनी मिळालं होतं.

"बाबा, फक्त खाली जा आणि एंटशुल्डिगुंग म्हणा. एकच शब्द आहे."

"मी चोरी केली का?"

"चोरी कोण म्हणतंय? सॉरी म्हणा."

"मराठीत म्हणणार नाही, तर जर्मन लांब राहिलं."

सूनबाईंनी दुसऱ्या दिवशी घरभर सतरंज्या पसरल्या होत्या आणि सगळे मोज्यांवर चालत होते. चमचा पडला तरी सगळ्यांच्या माना फरशीकडे वळायच्या. त्या घरात मला जेवण जाईना, पण खाली जायला पायही उचलेना.

यातून सूनबाईंनीच वाट काढली. ऑक्टोबरच्या शेवटी तिथे हॅलोविन करतात; भोपळे कोरून दिवे लावायचे, पोरांनी भुतं होऊन दारोदार खाऊ मागायचा. त्यांनी ठरवलं, इमारतीच्या मागच्या अंगणात सगळ्यांची मिळून पार्टी करायची. सगळे एकत्र बसले, की मनं साफ होतील. कंपनीने परवानगी दिली, पण अट घातली: आठही घरांच्या सह्या शुक्रवारी दुपारपर्यंत हव्यात. कागद जिन्याखाली टपालपेट्यांशेजारी लावला. चार दिवसांत सात सह्या झाल्या. आठवी जागा रिकामी. आणि नुसती पार्टी हुकण्याचा प्रश्न नव्हता. सूनबाई नवऱ्याशी बोलताना मी ऐकलं, "त्यांनी सही दिली तर समजायचं मिटलं. नाही दिली, तर दुसरं पत्र येणार, आणि मग आपण घर शोधायला लागायचं."

आमच्या व्याह्यांना मात्र तालमीसाठी रान मोकळं मिळालं. भोपळा कोरायचा, तर आधी बटाटा कोरला, मग दुधी, मग भोपळा. आतला गर मी टाकू दिला नाही, त्याचे घारगे केले. पोरांनी कुठून कसं वर यायचं, याचा जिन्याचा नकाशा काढला. मग पलंगावरची चादर डोक्यावरून घेऊन हे स्वतः भूत झाले. ती चादर चारी बाजूंनी इलॅस्टिकची, त्यामुळे भूत कमी आणि फुगलेला वडा जास्त दिसत होतं. मी दार उघडायचं, यांनी "झ्यूसेस ओडर झाउरेस" म्हणायचं, म्हणजे गोड द्या नाहीतर खोडी काढू. नात हसून लोळायची आणि जर्मनमध्ये उच्चार सुधारायची.

पण पहाटे उठून हे टपालपेट्यांपर्यंत जायचे आणि कागद बघून वर यायचे. मी विचारायचो नाही, ते सांगायचे नाहीत. बाथरूममध्ये नळ सोडून तासतासभर काहीतरी जर्मन पुटपुटत बसायचे. मला वाटलं, भुताचे आणखी संवाद असतील.

गुरुवार उजाडला. दुपारी पोरं कामावर, नात शाळेत. हे चादर पांघरून म्हणाले, "जिन्याची शेवटची तालीम घेतो," आणि बाहेर पडले. बराच वेळ झाला तरी येईनात, म्हणून मी कठड्यावरून वाकून बघितलं. हे वेबरच्या दारासमोर उभे. चादर डोक्यावरून काढून हातात घेतलेली, दुसऱ्या हातात टपालपेट्यांशेजारचा तो कागद. बेल वाजवत नव्हते, नुसते उभे होते. किती वेळ, देव जाणे. माझ्या हाताला कठडा गार लागत होता तेवढं आठवतं. मग त्यांनी बेल दाबली.

दार उघडलं. वेबर काही जोरात बोलले. यांचा आवाज आला, एका सुरात, न थांबता, शाळेतलं पोर कविता म्हणतं तसा. मग दार लागलं. मी झटकन आत येऊन खुर्चीवर बसलो. हे घामाघूम होऊन वर आले, हातात कागद. आठ सह्या.

"काय बोललात?"

"तालमीतलं," एवढंच म्हणाले आणि पाणी प्यायला गेले.

पार्टी झाली. अंगणात भोपळे पेटले, पोरांनी धुमाकूळ घातला, घारगे सगळ्यांत आधी संपले. मी खुशीत होतो. न वाकता सुटलो, असं मनात होतं. तेवढ्यात वेबर आले, साधा कोट घालून. व्याह्यांना बघून त्यांनी डाव्या तळहातावर उजवी मूठ तीनदा आपटली, बोट नाचवलं आणि मोठ्याने हसले. व्याह्यांनी आधी माझ्याकडे चोरून बघितलं आणि मग मान खाली घातली.

मी सूनबाईंना विचारलं, "काय म्हणतायत ते?"

त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "म्हणतायत, रविवारी कुटायचं नाही हं आता. अण्णांनी त्यांना सांगितलंय, की तो आवाज अण्णांचा होता."

मी व्याह्यांना भोपळ्यांच्या पलीकडे, सायकली लावतात तिथे ओढत नेलं.

"तुम्हाला कुणी सांगितलं होतं माझं पाप अंगावर घ्यायला?"

"हळू बोला, व्याहीबुवा."

"कुणी सांगितलं होतं?"

"अहो, ती वाक्यं मी तुमच्यासाठीच पाठ करत होतो," ते म्हणाले. "मला वाटलं, आधी आपल्याला नीट येऊ देत, मग तुम्हाला शिकवू. तीन दिवस बोलेन बोलेन म्हणत होतो. पण मी मुलीचा बाप. मुलाच्या बापाला वाका म्हणून कसं सांगू? त्याची तालीमच होईना. मग म्हटलं, पाठ झालंच आहे, तर वाया कशाला घालवायचं."

पोरांच्या लग्नाला चौदा वर्षं झाली होती. चौदा वर्षं हा माणूस मला हात जोडून बोलतोय आणि मी तो माझा मान समजतोय.

चार दिवसांनी ते सांगलीला गेले. पुढे फोनवर खूप बोललो, पण हा विषय त्यांनी काढला नाही आणि मीही नाही. यंदा डॉक्टरांनी त्यांना विमान बंद केलंय, मी एकटाच आलोय. या घरात हल्ली सगळं पहिल्यांदाच घडतं, आणि जसं घडेल तसं घ्यावं लागतं.

त्या पार्टीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मी लवकर उठलो. दाढी केली, धुतलेला सदरा घातला. व्याही झोपले होते. जिना उतरून खाली गेलो आणि वेबरची बेल वाजवली. ते चष्मा पुसत दारात आले. मी छातीवर हात ठेवून मराठीत सांगितलं, "कुटणारा मी होतो. माझे व्याही नव्हेत. चुकलं माझं." त्यांना काही कळलं नाही. म्हणून पुन्हा एकदा सांगितलं, पहिल्यापेक्षा हळू आवाजात.