फुग्यापासून दीड वीत

टपाल कचेरीच्या खिडकीवर तीस वर्षं लोकांना "थांबा" म्हणण्यात घालवलेल्या गृहस्थाने निवृत्तीनंतर सेकंदाच्या हजाराव्या भागामागे धावावं, ही देवाचीच थट्टा. सगळी गल्ली त्यांना थांबासाहेबच म्हणे.

मागची खोली चादरी लावून त्यांनी भरदिवसा अंधारी केली. पाण्याने भरलेला फुगा टांगला, टेबलावर छोटा माइक ठेवला. सुईने फुगा फोडला की माइक तो आवाज ऐकणार, फ्लॅश उडणार, अन् अंधारात उघड्याच ठेवलेल्या कॅमेऱ्यात नेमका तो क्षण उमटणार. माइक जवळ तर फोटो लवकर, लांब तर उशिरा. सगळी अंतरं वहीत टिपलेली. तीन महिने फोटो काही साधेना. बायकोला मात्र "हात लावू नकोस" हे रोजचं.

आणि एक दिवस नवल घडलं. फोटोत रबर फाटून बाजूला गेलंय, पाणी मात्र फुग्याच्याच आकारात अधांतरी! गावच्या छायाचित्र मंडळाने स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस जाहीर केलं. पण अध्यक्ष पेशाने दंतवैद्य. मुळापर्यंत गेल्याशिवाय चैन नाही. "रविवारी सर्वांसमोर करून दाखवा," ते म्हणाले, "नाहीतर बोलाफुलाला गाठ समजून बक्षीस दुसऱ्याला."

वहीतल्या अंतरावर सतरा फुगे फुटले. रबर दर वेळी अर्धवटच फाटलेलं. शनिवारी साहेब स्वयंपाकघराच्या दारात घुटमळले.

"अगं, त्या दिवशी माइक हलवलास का?"

"टेबल पुसताना सरकवला. धुळीत देवसुद्धा बसायचा नाही."

"कुठे ठेवलास?"

"आता लावू का हात?"

साहेब दारातून बाजूला झाले. "लाव, बाई."

तिने पट्टी न घेता माइक फुग्यापासून दीड वीत मागे ठेवला. फुगा फुटला, फोटोत पाणी अधांतरी.

रविवारीही तसंच झालं. दंतवैद्यांनी विचारलं, "हे अंतर सापडलं कसं?"

खोटं बोलावं, तर बायको पहिल्याच रांगेत. "मला नाही सापडलं," साहेब म्हणाले. "हिने टेबल पुसताना माइक सरकवला."

एकच हशा. "वा! काय हा विनय!" टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि चालूच राहिलेला माइक त्या टाळ्यांवर फ्लॅश उडवत राहिला. प्रशस्तिपत्रकावर नाव साहेबांचंच.

परतताना साहेब प्रशस्तिपत्रक उलटं धरून चालले. बायको म्हणाली, "तुम्ही खरं बोललात, देवाने ऐकलं. मंडळाला ऐकू आलं नाही, त्याला तुमचा काय इलाज?"