एका रेघेवर अख्खं गाव

आमचे किस्से कुणी मुद्दाम गोळा केलेले नाहीत. स्वयंपाकघरात दाराआड प्लास्टिकच्या पिशव्या साठतात तसे ते साठत गेले. आम्ही तिघं भेटलो की एक ओढायला जावं आणि चार बाहेर यावेत! ऐकणारे हसतात. आम्हीही हसतो, पण शेवटचा किस्सा आला की आमच्यातलं कुणीतरी चहा सांगायला उठतं.

तिघं म्हणजे मी नितीन, सिंदेवाहीचा. वडील तिथल्या भात संशोधन केंद्रावर मजूर. प्रफुल्ल चंद्रपूरचा, त्याचे वडील कोळसा खाणीत. आणि जैनी. एटापल्लीच्या पुढे जंगलात कोरमेटोला नावाचं गाव आहे, तिथली माडिया पोरगी. तिघांनाही शिष्यवृत्ती मिळाली आणि तिघंही इंग्लंडातल्या एकाच विद्यापीठात फायनान्स शिकून आलो. तिथं आम्हाला 'इंटरनॅशनल स्टुडंट' म्हणायचे. त्याआधी नागपूरवाले आम्हाला 'जंगलातले' म्हणायचे, त्यामुळे परकं असण्याची सवय होतीच.

*

शिष्यवृत्तीच्या मुलाखतीत तिघांनाही एकच प्रश्न आला. "फायनान्सच का?"

मी पाठ केलेलं म्हणून दाखवलं, 'ग्लोबल एक्स्पोजर'. प्रफुल्लनं 'करिअर ग्रोथ' सांगितलं. जैनी म्हणाली, "गावानं सांगतलं."

समोरचे तिघं साहेब एकमेकांकडे बघायला लागले. मग तिनं नीट सांगितलं. गावामागे डोंगर आहे, डोंगरात लोखंड आहे, आणि एका कंपनीचे कागद दरवर्षी येतात. जाडजूड, इंग्रजीत. मागे एकदा गावानं ते एका ठेकेदाराकडून वाचून घेतले. त्यानं पानं उलटली आणि सांगितलं, "चांगलंच लिहिलंय." दुसऱ्या महिन्यात डोंगरावर मशीन आलं. गावानं ते कसंबसं परत पाठवलं आणि ठरवलं की कंपनीचा कागद वाचणारं माणूस आता आपलंच पाहिजे.

"अन् तुझी स्वतःची काही इच्छा?" साहेबांनी विचारलं.

"मले पन विचारलं ना सर. सगळे हो म्हनेपर्यंत गाव उठतच नाई."

"एखादा नाहीच म्हणाला तर?"

"तं दुसऱ्या दिवशी पुन्हा बसतो."

निवडीच्या यादीत ती आमच्या दोघांच्याही वर होती!

*

व्हिसासाठी टीबीची तपासणी लागते. छातीचा एक्स-रे काढतात. माझा झाला, जैनीचा झाला. प्रफुल्लचा एक्स-रे डॉक्टरांनी उजेडासमोर धरला, खाली घेतला, परत धरला.

"सिगारेट किती पिता?"

"पीत नाई डॉक्टर."

"मग हे डाग कसले?"

"चंद्रपूरले राह्यतो."

डॉक्टर हसले नाहीत. थुंकीचे नमुने घेतले आणि रिपोर्टसाठी दोन महिने थांबवलं. टीबी निघाला नाही. "तुमची छाती तुमच्या वयाची नाही," एवढंच डॉक्टर म्हणाले. प्रफुल्ल कॉलेजात पोचला तेव्हा पहिल्या सत्राचा अर्धा अभ्यासक्रम संपला होता. प्रफुल्ल हा किस्सा फार रंगवून सांगतो, आणि शेवटच्या वाक्याला हमखास खोकतो. लोकांना वाटतं नक्कल करतोय.

*

फॉर्म आम्ही चंद्रपूरच्या एका एजंटाकडून भरून घेतले. त्याच्या पाटीवर सगळंच होतं: व्हिसा, पासपोर्ट, प्रतिज्ञापत्र, जमिनीचे कागद, कंपन्यांची टेंडरं. दिनेशभाऊ म्हणत त्याला. एका टेबलावर तो इंग्लंडही उरकायचा आणि सातबाराही.

फॉर्मसोबत पालकाचं हमीपत्र होतं. खाली सहीला एक रेघ. जैनी ते गावी घेऊन गेली ती पाच दिवसांनी उगवली. सोबत तिचे वडील, दसरूकाका. हमीपत्राला एक कोरा कागद टाचलेला, आणि त्या कागदावर अख्खं गाव! डावीकडे जैनीच्या अक्षरात जांभळ्या शाईनं नावं, उजवीकडे अंगठे. पहिलं नाव दसरूकाकांचं.

"हे काय आहे, बाई?" दिनेशभाऊनं डोक्याला हात लावला. "सहीले एकच रेघ हाय!"

"आमच्या इथी कोनी एकटा सही करत नाई," दसरूकाका म्हणाले. त्यांचं मराठी जपून बोललेलं, एकेक शब्द वेगळा. "पोरगी गावाची. मी एकटाच कसा हो म्हनू?"

या कागदासाठी गाव दोन दिवस बसलं होतं. सगळे राजी होते, एक बुधीबाई सोडून. तिचं म्हणणं, पोरगी तिकडे गेली की परत येत नाही. येणार असं जैनीनं सगळ्यांसमोर तीनदा सांगितलं तेव्हा कुठे म्हातारीनं अंगठा लावला, सगळ्यात शेवटी, अगदी कोपऱ्यात. तोही अर्धाच. मोहफुलं वेचताना अस्वलानं धरलं होतं, तेव्हा उजव्या अंगठ्याचं वरचं पेर गेलं.

आम्ही पोट धरून हसलो. दिनेशभाऊनं कागद सोडवून घेतला, हमीपत्रावर एकट्या दसरूकाकांचा अंगठा घेतला. त्यांनी अंगठा लावताना मान खाली घातली होती. काहीतरी चोरून करतोय असा चेहरा होता.

तो कागद घ्यायला जैनीनं हात पुढे केला. तेव्हा मी म्हणालो, "ठेव ना इथीच. कचरा हाय तो. काऊन ओझं नेतं?"

दिनेशभाऊनं तो ड्रॉवरमध्ये टाकला. हे वाक्य माझं आहे. किस्सा कुणीही सांगो, हे वाक्य मी स्वतः सांगतो.

*

पहिल्या तासाला सगळ्यांनी ओळख करून द्यायची होती. कुणी शांघायचा, कुणी लागोसचा, कुणी दुबईचा. माझी पाळी आली आणि मी चक्क म्हणालो, "मुंबईजवळ." सिंदेवाही मुंबईजवळ! बापानं ऐकलं असतं तर धानाच्या बांधीत उभं केलं असतं.

जैनी म्हणाली, "एटापल्ली."

सर अदबीनं म्हणाले, "हे कशाच्या जवळ येतं?"

"हेमलकशाच्या."

सरांनी मान डोलावली, जणू आता सगळा उलगडा झाला. मी खाली बघत बसलो. मला तिच्या धीटपणाचा राग आला होता, हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली.

*

दुसऱ्या सत्रात एका खाणीची केस आली. देश दुसराच होता, पण डोंगर, जंगल, आदिवासी गाव, सगळं आमच्याकडचंच. प्रकल्पाची किंमत काढायची होती. एका तक्त्यात धोके लिहिले होते. त्यात 'स्थानिक विरोध' समोर लिहिलं होतं, 'किरकोळ'.

जैनीनं त्या शब्दाभोवती पेनानं गोल केला.

असाइनमेंटमध्ये 'संबंधित घटक' लिहायचे होते. आम्ही सगळ्यांनी लिहिले: सरकार, बँका, भागधारक, स्थानिक समाज. जैनीनं 'स्थानिक समाज' लिहिलंच नाही. तिनं आपल्या गावातल्या एकेका माणसाचं नाव लिहिलं आणि प्रत्येकापुढे त्याचं म्हणणं. सरांचा शेरा आला, 'कृपया यांचा एक गट करा.'

ती सरांकडे गेली. म्हणाली, गट केला तर नाही कोण म्हणालं ते कसं कळणार? आणि पंचवीस वर्षांनी खाण संपली की तुमचा तक्ता संपतो, मग पुढे त्या डोंगराचं काय?

सर भला माणूस होता. त्यांनी खरंच विचार केला.

"प्रश्न फार चांगला आहे," ते म्हणाले, "पण तो या मॉड्यूलमध्ये नाही."

*

दसरूकाका त्या पावसाळ्यात गेले. ताप आला, नदीला पूर, खाटेवर घालून न्यायलाही वाट नव्हती. गावातला टॉवर बंद. जैनीला कळलं नवव्या दिवशी. आम्ही तिघं विद्यापीठाच्या कँटीनमध्ये होतो. तिनं फोन ठेवला, ताटातला भात संपवला आणि मग सांगितलं. मी आयुष्यात इतका कुणाला घाबरलो नाही.

चार दिवसांवर पेपर होता. पुढे ढकलण्यासाठी एक अर्ज असतो, त्याला पुरावा लागतो, मृत्यूचा दाखला. पण ग्रामसेवक गावात येणार पूर ओसरल्यावर, म्हणजे दाखला दिवाळीच्या आसपास! विद्यापीठाच्या कार्यालयात खिडकीपलीकडची बाई बिचारी मनापासून मदत करत होती. म्हणाली, दाखला नसला तर एखाद्या जबाबदार माणसाची सही चालेल.

जैनीनं विचारलं, "गावाचे अंगठे चालतील?"

"इतक्यांची गरज नाही," ती बाई प्रेमानं म्हणाली. "एक सही पुरे."

जैनीनं अर्ज दुमडून खिशात ठेवला आणि पेपर दिला. पास झाली. गावानं निरोप पाठवला होता, तुझ्या बापाच्या आठवणीचा दगड अजून उभा केला नाही, तू आली की करू. तो निरोप तिनं आम्हाला सांगितला तेव्हा ती पहिल्यांदा रडली, आणि प्रफुल्लनं त्या दिवशी एकही विनोद केला नाही.

*

परत आल्यावर प्रफुल्लला पुण्यात नोकरी लागली. छातीला तिथली हवा मानवते म्हणतो. मी चंद्रपूरला कॉलेजात तासिकेवर कॉमर्स शिकवतो. बाप लोकांना सांगतो, पोरगा लंडन रिटर्न आहे, आणि लोक विचारतात, "मंग इथी काऊन करून राह्यला?"

जैनीला मुंबईच्या एका बँकेनं बोलावलं होतं. ती गेली नाही. दगड उभा केला. बुधीबाई स्टँडपर्यंत घ्यायला आली होती. जैनी एसटीतून उतरली तशी म्हातारीनं तिला चेहऱ्यावर हात फिरवून तपासलं, खरंच तीच आली ना म्हणून.

*

आणि मग कंपनीचे कागद आले. या वेळी सुनावणीच लागली. म्हणणं मांडायला गावाला आठवडा दिला होता. जैनीनं मला आणि प्रफुल्लला बोलावून घेतलं. प्रफुल्ल रजा काढून आला. तिच्या घराच्या पडवीत आम्ही तिघांनी ती फाईल वाटून घेतली. किती सुख होतं ते! जे शिकलो ते सगळं तिथं कामाला येत होतं. खाणीचं आयुष्य फुगवलेलं, पाणी कमी दाखवलेलं, झाडं अर्धीच मोजलेली. जैनी एकेक चूक माडियात समजावून सांगायची आणि समोर बसलेलं गाव माना हलवायचं. दसरूकाका हवे होते, असं मला सारखं वाटत होतं.

शेवटचं परिशिष्ट माझ्या वाट्याला आलं. 'ग्रामसभेची संमती.' वर टाइप केलेला ठराव: डोंगर देण्यास गाव राजी आहे. त्याखाली यादीची झेरॉक्स.

मी ते पान जैनीपुढे सरकवलं. डावीकडे नावं होती, तिच्याच अक्षरात. पहिलं नाव दसरूकाकांचं. अगदी खाली कोपऱ्यात, अर्धा अंगठा.

माफी मागायला मी तोंड उघडलं. ती म्हणाली, "राहू दे." पुढे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

सुनावणीला सगळं गाव चालत आलं. जैनीनं चुका एकामागून एक मांडल्या, इंग्रजीत आणि मराठीत, दोन्हीकडे न अडखळता. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी सगळं लिहून घेतलं. मग ते शेवटच्या पानावर आले.

"हे सगळं ठीक आहे, बाई. पण ग्रामसभेनं तर संमती दिलीय." त्यांनी पान उलटं करून तिच्यासमोर धरलं. "हे अंगठे तुमच्या गावाचे नाहीत, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

मागे गाव बसलं होतं. बुधीबाई सगळ्यांत पुढे.

"आमचेच हायत, साहेब."

"जबरदस्तीनं घेतले?"

"नाई."

"म्हणजे अख्खं गाव हो म्हणालं होतं?"

"हो म्हनलं होतं, साहेब," जैनी म्हणाली. "मले शिकाले पाठवाले."